राणीचं पोट

घरात माणूस आजारी पडलं तर औषधाच्या बाटल्या साठतात. कोंबडी आजारी पडली तर किस्से साठतात! आजही आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यातले जुने लोक टपरीवर भेटलो की कोणीतरी म्हणतोच, "सुदामभाऊ, ते राणीचं सांगा ना." मी सांगतो. हसत सांगतो. तेव्हा मात्र माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं शेतं खाल्ली, दारव्ह्याच्या आमच्या जिनिंगचा भोंगा हंगामाच्या मध्येच बंद पडला, आणि मी फिटर माणूस भर दिवसा घरी बसू लागलो. मुलगी रेखा नुकतीच लग्न होऊन सासरी गेली होती. घरात उरलो मी, बायको सिंधू आणि परसातली तांबडी कोंबडी, राणी. मला वाटलं, आता तरी बायको आपल्याजवळ बसेल, दोन गोष्टी बोलेल.

त्याच आठवड्यात राणीचं पोट बिघडलं.

*

दाणे टिपले की कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी फुगते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. राणीची होईना. दगडासारखी टणक लागायची. सिंधू उठल्या उठल्या तिला मांडीवर घ्यायची, चोचीत कोमट तेलाचे थेंब सोडायची आणि ती पिशवी हलक्या हातानं चोळत बसायची. "नाई नाई, माय माही. होते बरं, आता होते." असा आवाज मी रेखाच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. माझ्यासाठी तर कधीच नाही!

मी बाजेवरून म्हणालो, "सिंधू, माही पाठ लय दुखून राह्यली."

तिनं वर न बघता विचारलं, "पातळ हाय का घट्ट?"

"पाठ?"

"पाठ कायले? तिची शी! तिकडं कोपऱ्यात पडली हाय, पाहून सांगा."

*

मग माझ्या ताटातलं दही गेलं.

"दही कुठं हाय व?"

"राणीनं खाल्लं. तिच्या पोटाले चांगलं असते."

"अन् मी?"

"तुमाले काय धाड भरली? तुमचं पोट तं रोज साफ होते!"

*

शेवटी दवाखान्यात न्यायचं ठरलं. आमच्या गावाहून दारव्ह्याला जायला काळी-पिवळी जीप. ड्रायव्हरनं सिंधूच्या मांडीवरची कोंबडी पाहिली आणि विचारलं, "पेशंट हाय का? मंग पुढं बसवा, मागं धक्के बसते." सिंधू आणि राणी पुढं बसल्या. मी मागं, दाराला लटकून!

जनावरांचे डॉक्टर तरुण होते, सज्जन होते. त्यांनी राणीची पिशवी चाचपली. "दोरे, चिंध्या असं काही गिळलंय हिनं. आत गाठ झालीय. औषध देतो, पण वेळ लागेल. दाणे बंद, भिजवलेलं थोडं थोडं द्या, आणि चोळणं सोडू नका." त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि सिंधूनं सगळं सांगितलं. कधी खाते, किती पिते, कोणत्या कुशीवर बसते. ऐकून मी गार झालो. मी कोणत्या कुशीवर झोपतो हे तिला ठाऊक असेल का, असा विचार मनात आला.

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना बरं नाही का? चेहरा फार उतरलाय."

सिंधू म्हणाली, "त्याइले काई नाई होत. ते तसेच दिसते."

टपरीवर ही बातमी पोचली तेव्हा आमचा प्रेसवाला मित्र, जो आयुष्यभर रुईच्या गाठी बांधत आला होता, मोठ्यानं ओरडला, "सुदाम, यंदा पुऱ्या दारव्ह्यात एकच गाठ बांधली गेली, तेबी तुह्या कोंबडीनं!"

*

त्यातच माझा साळा प्रल्हाद केळापूरहून मुलीच्या लग्नाचं आवतन घेऊन आला. बहिणीच्या घरी आलं की कोंबडीचा रस्सा मिळणार, हे त्याच्या मनात पक्कं. सिंधूनं समोर पिठलं-भाकर ठेवली. प्रल्हाद बिचारा मुकाट्यानं जेवला. तेवढ्यात टोपलीखालून राणीचा आवाज आला.

त्याचा चेहरा उजळला. "ताई, सकाळसाठी राखली का हे?"

सिंधूनं त्याच्यापुढचं ताट उचललं. "पुन्हा असं बोलला तं मी लग्नाले येत नाई."

सख्ख्या भावाला! मला त्याची कीव आली, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. आता आम्ही दोघं झालो.

*

शेजारच्या शेवंताबाई राठोड मूळच्या बंजारा तांड्यावरच्या. त्यांच्याकडे अर्धा डझन कोंबड्या आणि एक देखणा कोंबडा. पण गावाचं लक्ष आमच्या टोपलीकडे. जो तो येता-जाता विचारायचा, "राणी कशी हाय?" त्या वर्षी माणसानं माणसाला 'कसा आहेस' विचारायची सोय राहिली नव्हती. काय उत्तर येईल याची भीती वाटायची. कोंबडीचं विचारणं सोपं होतं. ज्याचं शेत साफ गेलं होतं असा माणूससुद्धा आमच्या परसात उकिडवा बसून राणीची पिशवी चाचपून बघायचा आणि थोडा वेळ बोलून जायचा.

शेवंताबाईंना हे सहन होईना. एक दिवस कुंपणावरून त्या कडाडल्या, "अरे याडी! माय व! माह्या कोंबड्या रोज अंडे देते, त्याइले कुत्रं विचारत नाई. अन् तुह्यी नुसती हगते तं सारं गाव गोळा होते!"

*

राणीजवळ कोणीतरी हवं, म्हणून सिंधू एकटीच लग्नाला केळापूरला गेली. राणीला सोडून जाताना तिचे डोळे भरले. मला म्हणाली, "दार लावत जा." बस.

ती गेली आणि राणीनं पाणीसुद्धा सोडलं. मान टाकून बसली. मी घाबरलो. मेली तर सिंधूला काय तोंड दाखवू? तिला मांडीवर घेतलं आणि सिंधू करायची तसं चोळू लागलो. सिंधू बोलायची, म्हणून मीही बोलू लागलो. आधी लाज वाटली. मग जिनिंगचं बोललो, बंद मशीनचं बोललो. रेखा गेल्यापासून घर खायला उठतं, हे मी सिंधूजवळ कधी काढलं नव्हतं. कोंबडीजवळ काढलं. राणी एक डोळा मिटून ऐकत होती.

चोळता चोळता एका सकाळी ती पिशवी हाताखाली नरम लागली. दुपारपर्यंत पोट मोकळं! मी तसाच एसटीडी बूथवर पळालो. लग्नघरी फोन लावला, तिकडे बँडचा गोंगाट. मी ओरडलो, "झाली! मोकळी झाली! तब्येत चांगली हाय!"

फोन सासूबाईंनी उचलला होता.

मग त्या हळूच म्हणाल्या, "जवाई, रेखाच्या लग्नाले तं आताशी दोन महिने झाले ना?"

*

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर ऊन खात बसलो होतो. राणी माझ्या मांडीवर. भिजवलेली कणी टिपत होती आणि मधूनच माझ्या शर्टाच्या बटणावर चोच मारत होती. फाटक वाजलं. पाहतो तर सिंधू! वऱ्हाड परत जायच्या आधीच ती निघून आली होती.

"राणी, ये व माय!" तिनं हात पसरले.

राणीनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवर आणखी पसरली आणि पंखात मान घातली.

सिंधू उभीच. "माह्या हातानं इतके दिवस नाई झालं, अन् तुमच्या हातानं झालं?"

"मी काई केलं नाई. नुसता बोलत होतो."

"तिच्याशी?"

"हो."

"काय बोलत होते?"

मी राणीच्या पाठीवरून हात फिरवू लागलो. सिंधूनं खांद्यावरची कापडी पिशवी खाली ठेवली. राणीला दोन्ही हातांनी उचललं, अंगणात सोडलं आणि म्हणाली, "जा. दाने खा." मग भर दिवसा, कुंपणावरून शेवंताबाई पाहत असताना, ती ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि धुळीनं भरलेले दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेवले.

"दाबा," ती म्हणाली. "अन् बोला."