दुभंगलेलं नख आणि दादाची वेबसाइट

आमच्या मशीनमावशीने चुलतभावाची वेबसाइट हॅक केली, अशी आवई उठली आहे. सांगणारे ती तिखटमीठ लावून सांगतात. कुणी म्हणतं, तिने परदेशातली पोरं कामाला लावली. कुणी म्हणतं, तिच्याकडे काळ्या पडद्याचा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर हिरवी अक्षरं पळतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर शपथेवर सांगतो, "या डोळ्यांनी पाहिलंय. ती बटणं दाबत होती आणि गालातल्या गालात हसत होती."

हसत होती, एवढं खरं. बाकी सगळं झूट. मावशीने दादाच्या वेबसाइटला बोटही लावलं नाही. तिने जे लिहिलं ते स्वतःच्या साइटवर, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नखाबद्दल. आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. स्वयंपाकघरामागची लांबट खोली हा तिचा कारखाना. खिडकीखाली टेबल, टेबलावर पोट उघडून ठेवलेली मशीनं, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले पट्टे, आणि सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. पूर्वी ती वडिलांच्या दुकानात बसायची, मोठ्या रस्त्यावर. वडील गेले आणि दुकान दादाने गिळलं. दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. तो आधी गल्ल्यावर बसला, मग खुर्चीवर, मग पाटीवर. पाटीवर दोघांची नावं होती. एका सकाळी मावशी आली तर तिच्या नावावर रंग मारलेला. वर दादाने गिऱ्हाइकांना सांगितलं, "बिचारीचे हात थरथरतात हो. सुई ओवता येत नाही. मीच म्हटलं, आता आराम कर."

मावशीचे हात थरथरत नाहीत. तरुणपणी एकदा चालू मशीनची सुई तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली होती, तेव्हाही तिने आधी मशीन बंद केलं आणि मग ती किंचाळली. ते नख तेव्हापासून मधोमध दुभंगूनच उगवतं. पण "थरथरतात" हा शब्द तिच्या मनात तसाच रुतून बसला, आणि तो काढायला तिला वेळ मिळेना.

वेळ का मिळेना? वेबसाइटमुळे. दुकान गेल्यावर गिऱ्हाइकांनी शोधायचं कुठे, म्हणून तिने एका तरुणाकडून साइट करून घेतली. त्याचं नाव तिने 'बघतो-मॅडम' ठेवलं होतं. कामाच्या वेळा बदलायच्या? "बघतो मॅडम." फोटो उलटा लागलाय? "बघतो मॅडम, बॅकएंडला इश्यू दिसतोय." हे नाकात वाचा, आणि 'इश्यू' म्हणताना खांदे उडवा, म्हणजे तो हुबेहूब समोर उभा राहील. एक ओळ बदलायची तर मावशीचा अख्खा रविवार फोनला कान लावण्यात जायचा. सूड हा फावल्या वेळाचा उद्योग आहे, आणि तिचा फावला वेळ बघतो-मॅडम खात होता.

मग एक शिंपीणबाई मशीन घेऊन आली. ती स्वतःचे नमुने फोनवरूनच ब्लॉगवर टाकायची. मावशीने मान वाकडी करून पाहिलं. वर मथळ्याची चौकट, खाली मजकुराची, फोटोसाठी एक चिन्ह, आणि बटण: प्रकाशित करा.

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि इथे तारीख-वेळ घातली की तुम्ही झोपलात तरी ते आपोआप वर जातं."

"आणि कुणाला विचारायचं नाही?"

"कुणाला विचारणार? तुमचंच आहे ना."

मावशीने त्याच आठवड्यात तशीच स्वतःची साइट उघडली आणि बघतो-मॅडमला रामराम ठोकला. आता खालच्या दोऱ्याची बॉबिन भरायला लागतो तेवढ्या वेळात तिचा लेख वर जायचा. लिहायची ती बोलते तसंच: 'खालून दोऱ्याचा गुंता होतोय म्हणून बिचाऱ्या बॉबिनला शिव्या देऊ नका. गुन्हेगार वर बसलाय. वरचा दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा.' सोबत फोटो, आणि फोटोत तिचा डावा हात. शिंपी वाचू लागले, एकमेकांना पाठवू लागले. रविवार मोकळे झाले. मावशी त्या मोकळ्या रविवारी खिडकीत बसून दादाचा विचार करायची आणि एखादं मशीन उगाचच चकचकीत पुसायची.

एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, "वरच्या दोऱ्याचं तुमच्या दादांनी काय झकास लिहिलंय!"

मावशीने दादाची साइट उघडली. तिचे सगळे लेख. काना-मात्रेसकट. वर दादाचा फेटेवाल्या नवरदेवासारखा ताठ फोटो, खाली ओळ: 'माझ्या प्रदीर्घ अनुभवातून'. आणि त्याखाली तिचा हात, तिचं नख.

तिने फोन लावला.

"दादा, माझे लेख तुझ्याकडे कसे?"

"मुद्दा काय आहे," दादाने घसा खाकरला. दादा घसा खाकरल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाही. "मुद्दा असा आहे की घरातलंच आहे सगळं. काकांची विद्या. त्यात तुझं काय नि माझं काय?"

"मग माझं नाव कुठाय?"

"नावाचं काय लोणचं घालायचंय? हात थरथरतात तुझे. आराम कर."

"बरं," मावशी म्हणाली.

तिचं असं 'बरं' आमच्या घरात ज्याने ज्याने ऐकलंय, तो दुसऱ्या दिवशी सुतासारखा सरळ आलाय. दादाला आठवायला हवं होतं.

पण खरी आग अजून लागायची होती. शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात मशीन दुरुस्तीचा वर्ग सुरू होणार होता. शिकवायला माणूस हवा होता. हे काम मावशीला दुकानापेक्षाही जास्त हवं होतं. खोलीभर मुली, प्रत्येकीपुढे उघडलेलं मशीन, आणि सगळ्यांनी म्हणायचं, मॅडम, आता पुढे काय? तिने अर्ज केला. केंद्राच्या बाईंनी बोलावलं आणि चष्मा खाली घेऊन, एकेक शब्द साखरेत घोळवत म्हणाल्या, "तुमच्या साइटवरचे लेख आणि दादांचे लेख अगदी सारखे दिसतात हो. तारखासुद्धा त्याच. दुसऱ्याचं असं उचलणं शोभतं का? शिवाय तुमच्या हातांबद्दलही कानावर आलंय. शनिवारी दादा सभागृहात बोलणार आहेत, सगळे शिंपी येतील. मग नाव जाहीर करू."

मावशी घरी आली. चोरी तिच्याकडेच झाली होती आणि चोरही तीच ठरली होती. तिने एका मशीनमध्ये इतकं तेल ओतलं की ते खालून ठिबकायला लागलं.

ती रागातच बाजाराची यादी फोनवर लिहायला बसली. यादी लिहून झाली आणि सवयीने भलतंच बटण दाबलं गेलं. 'साबण. खिडकीची कडी. पाल पळवायचं औषध. दादाचं थोबाड फोडणे,' हा मजकूर थेट साइटवर. तिने जीभ चावून तो लगेच काढला. मग काहीतरी सुचून दादाची साइट उघडली. तिथे यादी झळकत होती. वर ताठ फोटो, 'माझ्या प्रदीर्घ अनुभवातून', आणि खाली: दादाचं थोबाड फोडणे.

मावशी बघतच राहिली. म्हणजे तिथे माणूस कुणी नव्हताच. तिने काहीही टाकलं की ते आपसूक तिकडे उमटत होतं आणि कुणी वाचत नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव होतं. बघतो-मॅडम! संध्याकाळपर्यंत कुण्या शिंप्याने यादीखाली विचारलंही होतं, "दादा, पालीच्या औषधाने मशीनचं शटल साफ होतं का?" आणि खाली आपोआप उत्तर आलं होतं, "आपला प्रतिसाद मोलाचा आहे."

मावशी हसली. इस्त्रीवाल्याने पाहिलं ते हे हसू.

तिने शनिवारसाठी एक लेख लिहिला आणि सकाळची वेळ घालून ठेवला. तिला दादाची एक खोड ठाऊक होती. कागद हातात आला की दादा तो आधी खणखणीत आवाजात वाचतो, मग समजून घेतो. दुकानात एकदा त्याने एका बाईची तक्रार तिच्यासमोरच ठणठणीत वाचली होती, 'या दुकानाचा मालक अडाणी आहे'पर्यंत, आणि वाचून झाल्यावर विचारलं होतं, "कोण मालक?"

शनिवारी सभागृह भरलं. मावशी शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर हात. दादा मंचावर, दोन बोटांत दोन अंगठ्या. मोठ्या पडद्यावर त्याची साइट.

"मुद्दा काय आहे," दादाने खाकरून सुरुवात केली, "ज्ञान ताजं पाहिजे. हा लेख मी आज सकाळीच लिहिलाय. वाचूनच दाखवतो." आणि छाती फुगवून वाचू लागला:

"'आज थोडं माझ्याबद्दल. तरुणपणी मी मशीन बंद न करता सुई बदलत होते.'" होते! दादाने ते 'होतो' असं दुरुस्त केलं आणि घोडं पुढे दामटलं. "'सुई माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली. ते नख आजही दुभंगलेलं आहे. या साइटवरच्या प्रत्येक फोटोत ते दिसतं. माझे हात थरथरतात असं कुणी सांगितलं असेल, तर ते फोटो नीट पाहा. आणि हे सगळं मीच लिहिलंय यावर विश्वास नसेल, तर आत्ता, या क्षणी, माझा डावा हात बघा.'"

पूर्णविरामापर्यंत वाचलं त्याने.

शिंपी ती माणसं. अर्ध्या दोऱ्याचा फरक त्यांना लांबून दिसतो. सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या नखावर गेले आणि तिथून दादाच्या हातावर. दादाने डावा हात हळूच खिशात घातला.

"काढा की बाहेर!" पुढच्या रांगेतला म्हातारा शिंपी ओरडला.

"मुद्दा काय आहे..." दादाचा घसा पहिल्यांदाच खाकरूनही साफ होईना.

"मुद्दा खिशात आहे!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह फुटलं.

केंद्राच्या बाई उठल्या. मावशीही उठली. तिने डावा हात वर धरला. हात दगडासारखा स्थिर होता. तिने तो गरजेपेक्षा बराच जास्त वेळ वर धरला, असं माझी आई म्हणते. धरला तर धरला.

वर्ग मावशीला मिळाला. बाईंनी दुसऱ्याच दिवशी पेढेवजा आवाजात फोन केला. एखाद्या भल्या माणसाने इथे दादाला माफ केलं असतं. मावशीने चहा ठेवला आणि चहाला उकळी येईपर्यंत फोनवर पुढच्या महिन्याभराच्या सकाळच्या वेळा भरून टाकल्या. रोज एकच ओळ आपोआप वर जायची, आणि मागोमाग दादाच्या साइटवर, त्याच्या ताठ फोटोखाली उमटायची: 'दादाने अजून माफी मागितलेली नाही.'

याच वेळी आमची पैज लागली. मी म्हटलं, "मावशी, तो उद्याच ते बंद करून घेईल. एक फोन लावला की झालं."

"फोन कुणाला लावेल?" मावशीने विचारलं. "माझं ऐक. तो माणूस दाद देईल त्याच्या आधी दादा माझ्या दारात असेल. हरलीस तर सुट्टीभर बॉबिनच्या डब्यांतला कचरा तू काढायचास."

मी आनंदाने हो म्हटलं. तिकडे दादा फोनवर फोन लावत होता, आणि पलीकडून नाकातला आवाज येत होता, "बघतो सर. बॅकएंडला इश्यू दिसतोय."

शेवटी एका सकाळी दादा दारात उभा राहिला, हात खिशात.

"चुकलं," तो उंबऱ्याकडे बघत पुटपुटला. "आता ते बंद कर."

"मी कुठे काय चालू केलंय? तुझ्या साइटवर येतंय. तुझ्या माणसाला सांग."

"मागितली ना माफी!"

"बरं," मावशी म्हणाली.

दादा कोपऱ्यावर पोचायच्या आत तिने फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशीची ओळ बदलली: 'दादाने माफी मागितली. पण आवाज बारीक होता.' मग बॉबिनच्या डब्यांनी भरलेला ट्रे माझ्यापुढे सरकवला आणि वर ब्रश ठेवला.