बसून बघणारी आक्का

आक्काच्या पुस्तकांना उभं राहणं ठाऊकच नव्हतं. पलंगाखाली पोत्यांत ती आडवी पडून असायची, गेल्या हंगामाच्या कांद्यांसारखी. आक्का इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. घरी जायच्या घाईत पेशंट उशीखाली पुस्तक विसरतात, मग ते चादरीत गुंडाळलं जाऊन धुलाईला येतं. आक्का ते वॉर्डात परत नेऊन द्यायची. बरेच दिवस कोणी विचारायला आलं नाही, की नर्सच म्हणायची, "ने बाई, तूच वाच." काही पुस्तकं अशी आली, बाकीची तिने रस्त्याकडेच्या ढिगातून हाताने निवडून आणली. आईमागे धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून चौथीतच शाळा सुटलेली बाई ती. पुढे बोट फिरवत, अक्षराला अक्षर जोडत वाचायला बसली ती बसलीच.

त्याच भावाच्या घरात ती राहत होती. घर भावाचं आहे, हे भावजय दिवसातून एकदा तरी आडून सुचवायची. भाऊ तसं म्हणायचा नाही, पण बायकोला गप्प बस असंही कधी म्हणाला नाही.

एके सकाळी भावजयीने पलंगाखाली वाकून पाहिलं. "आक्का, मला इथे पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्यात. रविवारी रद्दीवाल्याला बोलावलंय, पोती बाहेर काढून ठेवा."

"रद्दी नाही ती. पुस्तकं आहेत."

"पोत्यात कोंबलं की सगळं रद्दीच दिसतं हो."

आक्काला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, "मग रविवारी ती उभी दिसतील. या समोरच्या भिंतीला, कपाटात."

"आणि भिंत कुणाची?"

"जिला मी दरवर्षी रंग देते, तिची."

आक्का बाजारात निघाली. फर्निचरची दुकानं एका ओळीत होती. पहिल्या दुकानात पांढरं, चकचकीत कपाट होतं, आरशात बघून नटल्यासारखं. आक्काने फळीवर हात फिरवला आणि विचारलं, "यावर बसू का?"

दुकानदाराला ती थट्टा वाटली. "बसा की! तुमचंच दुकान आहे."

आक्का बसली. फळी कडकन मोडली आणि आक्का जमिनीवर.

"अहो बाई, भरून द्यावं लागेल!"

"बसा तुम्हीच म्हणालात," कमरेवर हात ठेवून उठत आक्का म्हणाली. "आणि मी निदान उठले तरी. पुस्तकं एकदा बसली की उठत नसतात."

बाजारात बातमीला पाय नसतात, पंख असतात. आक्का दुसऱ्या दुकानाशी पोहोचायच्या आत तिथला मालक स्टूल घेऊन बाहेर आला. "बसायचं असेल तर यावर बसा, मावशी. माल नुसता डोळ्यांनी बघा." तिसरा म्हणाला, "ही फळी शोभेची आहे." आक्का म्हणाली, "मग शोभेची पुस्तकं कुठे मिळतात तेही सांगा." एके ठिकाणी खऱ्या लाकडाचं, दगडासारखं कपाट होतं. त्याची किंमत ऐकून आक्का न बसताच उठली.

ओळीतलं शेवटचं दुकान एका म्हाताऱ्याचं होतं. त्याने पुढचं नवं कपाट थोपटलं. "ऐपतीत बसेल असं आहे, आणि जन्मात हलणार नाही."

आक्काची नजर त्याच्या खांद्यावरून मागे अंधारात गेली होती. तिथे एक काळपट, ओबडधोबड कपाट उभं होतं. फळ्यांवर खिळ्यांचे डबे, बिजागऱ्या, सरसाचे मोठे डबे. इतक्या लोखंडाखाली एकही फळी मधे झुकलेली नव्हती.

"ते कुणाचं?"

"ते दुकानाचं. विकायचं नाही."

"पुढचं जन्मात हलणार नाही म्हणता, मग तुमचे खिळे त्याच्यावर का नाही ठेवत?"

खुर्ची बघायला आलेलं जोडपं खुदकन हसलं. म्हातारा चष्मा पुसू लागला. तेवढ्यात आक्काने मागे जाऊन खालच्या फळीवरचे डबे बाजूला केले आणि ती ऐसपैस बसली. लाकूड हूं की चूं करेना.

"बाई, उठा बरं."

"भाव सांगा, उठते."

म्हाताऱ्याने रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून पाहिलं. दर वेळी वळला की आक्का तिथेच. शेवटी तो म्हणाला, "पुढच्याचा भाव द्या आणि न्या एकदाचं! पण रिकामं तुम्हीच करायचं."

आक्काने पदर खोचला.

रविवारी भावाने आपल्या टेम्पोतून कपाट आणलं. एका हमालाला सोबत घेऊन तो जिना चढला. "आक्का, यात शिसं ओतलंय का गं?" दारापाशी येऊन दोघं थांबले. कपाट सरळ जाईना, आडवं जाईना, तिरकंही जाईना. सगळा बाजार बसून बघितला होता, पण दाराचं माप घ्यायचं आक्काला सुचलं नव्हतं.

मागून रद्दीवाला तराजू घेऊन आला. भावजय म्हणाली, "बघा, देवालाही मान्य नाही. हे परत पाठवा आणि पोती द्या."

"दार काढ," आक्का भावाला म्हणाली.

"एका कपाटासाठी दार उचकटायचं?"

"फ्रीज आला तेव्हा उचकटलंस. तेव्हा नाही विचारलंस."

"फ्रीज घरात लागतो," भावजय म्हणाली.

"आणि मी? मी लागते की नाही घरात, तेवढं याने सांगावं."

भावाने कपाटाची कड धरून ठेवली होती, तिथे त्याची बोटं पांढरी पडली होती. मग त्याने कपाट हळूच खाली टेकवलं आणि बायकोला विचारलं, "पेचकस कुठे ठेवलाय?"

दार निघालं. रद्दीवाल्यानेही खांदा दिला, कारण त्याला पुढची घरं करायची होती. कपाट भिंतीला लागलं. आक्काने पोती सोडली आणि एकेक पुस्तक पुसून उभं करू लागली. काही वाकडी झाली होती, ती शेजारच्याच्या आधाराने उभी राहिली. भावजय काही वेळ उंबऱ्यात होती, मग एक ओलं फडकं ठेवून गेली.

"माझं काय, बाई?" रद्दीवाल्याने विचारलं.

आक्काने रिकामी पोती झटकून घडी घातली, चादरीची घालते तशी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि त्याच्या तराजूत ठेवली.

"हे घ्या. रद्दी एवढीच होती."