नाव नंतर कळवू

माणूस जाणार, हे त्या माणसाच्या आधी कळणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती रिचमंड हिलच्या एका बेसमेंटमध्ये पायात दोन-दोन मोजे चढवून बेसबॉलची कॉमेंट्री ऐकत बसलेली असे. ही व्यक्ती म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आयुष्यभर त्यांनी टोरोंटोच्या आसपास जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांची इंजिनियरिंग केली. वरच्या बर्फाचा रंग बघून खालचा पाइप कुठे फुटणार हे ते सांगत, असं त्यांचे जुने सहकारी म्हणायचे. रिटायर झाल्यावर पाइप संपले, पण ती नजर काही रिटायर झाली नाही. ती बेसबॉलच्या कोवळ्या पोरांवर जाऊन बसली.

लोक मॅच बघतात. मामा मॅच बघत नसत. टीव्ही मुका करून, शेजारी रेडिओ लावून, मांडीवर लांबडं रजिस्टर घेऊन ते फक्त माणसं बघत. कोण ठेवावा, कोण द्यावा, कोणाच्या बदल्यात कोण घ्यावा. बेसबॉलमध्ये संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात, आणि या ट्रेडच्या बाबतीत मामांइतका काळजावर दगड ठेवलेला माणूस मिळणार नाही. "टीम म्हणजे लग्नाचं वऱ्हाड नव्हे जावईबापू, की आले तेवढे सगळे जेवायला बसवले," ते म्हणत. "तिशी ओलांडली की द्यावा, विशीच्या आतला घ्यावा. आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ही तर कोथिंबीर. आज हिरवी दिसतेय तोवर खपवून टाकावी." प्रत्येक ट्रेडला ते रजिस्टरमध्ये दहापैकी मार्क देत. सहाच्या वर कोणाला दिलेले मला आठवत नाहीत. प्रेमात पडणारा मॅनेजर संघ बुडवतो, हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

मामी वरून चहा घेऊन आल्या की हे ब्रह्मवाक्य त्यांच्यावरही घसरे. "तुला मी तिसाव्या वर्षीच ट्रेड करायला हवं होतं," मामा कप घेता घेता म्हणत. "घेणारं कोणी भेटलं असतं तर मीच बॅग भरली असती," मामी म्हणत. मग एकदा त्यांनी मला विचारलं, "काय रे, ज्याला देऊन टाकतात, त्याला आधी विचारतात का?" मी मामांकडे पाहिलं. "विचारायचं काय त्यात?" मामा म्हणाले. "सकाळी फोन येतो, दुपारी फ्लाइट. बायकापोरं मागाहून." मामी रिकामा कप उचलून वर गेल्या.

दर उन्हाळ्यात एकदा ते मला सीमेपलीकडे अमेरिकेत, ज्युनियर पोरांच्या मॅचला नेत. थर्मासात चहा, डब्यात थालीपीठ, आणि स्टेडियमच्या रिकाम्या बाकांवर आम्ही दोघं. एका वेळी मैदानात एकोणीस वर्षांचा, घोड्यासारखा उमदा पिचर होता. सगळे त्याच्यावर लट्टू. मामांनी थालीपीठाचा घास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "याचा खांदा गेला." मी विचारलं, हे कसं कळलं? "टोपी कुठल्या हातानं काढतोय बघा." चेंडू तो उजव्या हातानं टाकत होता, टोपी मात्र डाव्या हातानं काढत होता. त्यात विशेष काय ते मला दिसलं नाही. तीन आठवड्यांनी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचं नाव पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तेव्हापासून मामांसमोर टोपी काढताना मी दोन्ही हात वापरू लागलो.

इथवर सगळं शहाणपणात जमा करता आलं असतं. फ्रिज मात्र करता येईना.

बेसमेंटमध्ये एक जुना, बदामी रंगाचा फ्रिज होता. आमच्याकडे घरं विकणारे एजंट पत्रपेटीत आपला फोटो छापलेले मॅग्नेट टाकून जातात. मामा ते कात्रीनं कापत, एजंटाच्या हसऱ्या चेहऱ्यावर कागद चिकटवत आणि त्यावर देवनागरीत खेळाडूचं नाव लिहीत. अशी चाळीस नावं, संघाची पूर्ण यादी, फ्रिजच्या दारावर चार रांगांत लावलेली असत. आणि अधूनमधून सकाळी मामा खाली उतरले की एखादं नाव फरशीवर पडलेलं असे. ते उचलायचं, रजिस्टरमध्ये टिपायचं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. दोन दिवसांत, फार तर तीन, बातमी येई की तो खेळाडू ट्रेड झाला, नाहीतर जायबंदी झाला.

मी अर्थातच विज्ञानाची बाजू घेतली. दाराचं रबर गेलंय, घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली की फ्रिज थरथरतो, असं मी सांगितलं. मामीही रबराच्याच पक्षात होत्या. मग एका रविवारी दुपारी मी तिथेच बसलो होतो. फर्नेस बंद, रेडिओ बंद, मामा चष्मा पुसत होते. फ्रिजच्या दारावरून एक मॅग्नेट आपला आपण सरकला. हळू, वीतभर, बाकीच्या नावांमधून वाट काढत खाली आला आणि टक् करून पडला. मामांनी चष्मा घातला. "मी नाही करत हं हे," ते म्हणाले. "मी फक्त उचलतो." मंगळवारी बातमी आली. त्यानंतर मी त्या फ्रिजमधला सोडा कधी घेतला नाही.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात एका सकाळी तर तिथे अंगणात फुलं पडावीत तशी नावं पडली होती, आणि सगळी विशीतल्या पोरांची. त्याच आठवड्यात आमच्या संघानं हातातली कोवळी पोरं देऊन तयार, नावाजलेले खेळाडू आणले. शहर आनंदानं वेडं झालं. सबवेत अनोळखी माणसं एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होती. मामांनी मात्र त्या संध्याकाळी जेवण घेतलं नाही. मॅग्नेट एकेक पुसून डब्यात ठेवत म्हणाले, "दहापैकी दोन." आणि जरा वेळानं, जणू मी तिथे नाहीच असं, "घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल यांनी?" काळजावरचा दगड मला तेव्हा पहिल्यांदा जरा हललेला दिसला.

पण स्वभावाला औषध नाही. पुढच्याच गणपतीत त्यांनी आमच्या मंडळाचा बासष्ट वर्षांचा तबलजी मिसिसागाच्या मंडळाला देऊन टाकला. बदल्यात एकोणीस वर्षांची पेटीवाली मुलगी घेतली, आणि वर "एक मोदक करणारी व्यक्ती, नाव नंतर कळवू" असं लेखी ठरवून घेतलं. हे काय, म्हणून मिसिसागावाले बुचकळ्यात पडले. मामांनी समजावलं की बेसबॉलमध्ये ही रीतच आहे. आज माणूस घ्यायचा, बदल्यात कोण द्यायचा ते ठरलं नसेल तर "नाव नंतर कळवू" असं लिहायचं. मात्र सहा महिन्यांच्या आत नाव द्यावंच लागतं, त्यात सूट नाही. मिसिसागाहून खरोखरच एक बाई संकष्टीला आल्या आणि एकशे एक मोदक करून गेल्या. तबलजी मात्र वर्षभर मामांशी बोलला नाही. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

फ्रिजची गोष्ट हळूहळू पसरली. मग लोक दबकत दबकत येऊ लागले. कोणाला मुलाच्या नोकरीची काळजी, कोणाला पुण्यातल्या वडिलांची. "एक मॅग्नेट लावून बघा ना," असं म्हणत. मामा सरळ हाकलून देत. "घरची माणसं फ्रिजवर लावायची नसतात," ते म्हणत, आणि हे बोलताना त्यांचा आवाज अगदी बेसबॉलबाहेरचा असे.

मग मामींच्या हृदयाची झडप बिघडली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख मिळाली. मामींचं वय बहात्तर, मधुमेह जुना, डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. त्या दिवशी माझी बायको मामींना घेऊन पहाटेच हॉस्पिटलला गेली. मी मागाहून मामांना घेऊन जायचं ठरलं होतं. मी पोचलो तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसलेला नव्हता. तीस-चाळीस वर्षांत असं कधी झालं नसावं. दार उघडंच होतं. हाका मारत मी खाली गेलो.

मामा कोट-टोपी घालून फ्रिजसमोर उभे होते. उजवा तळवा दारावर सपाट दाबलेला. बोटांच्या फटीतून मला एक कागद दिसला. त्यावर फक्त "सौ." एवढंच लिहिलेलं होतं.

"लावायला नको होता," मामा म्हणाले. "काल राहवलं नाही. वाटलं, बघू तरी. सकाळपासून तीनदा पडला."

"मामा, चला. मामी वाट बघत असतील."

"हात काढला की पडतो जावईबापू."

मी चिकटपट्टी आणतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "ते चीटिंग झालं. चालत नाही." थट्टा करावी असं त्या चेहऱ्यात काही नव्हतं. मी त्यांच्या कोपराखाली खुर्चीची पाठ सरकवली आणि शेजारी बसून राहिलो. बाकीची चाळीस नावं दारावर स्तब्ध होती. फक्त त्या तळव्याखाली काहीतरी खाली ओढत होतं, कारण मामांचं मनगट थरथरत होतं आणि पुन्हा पुन्हा खाली सरकत होतं. एकदा मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. खरं सांगतो, पलीकडून ओढ होती. मी घाबरलो, पण हात काढला नाही.

दोन तास गेले असतील. मामा म्हणाले, "रजिस्टर द्या. पेन्सिल पण." त्यांनी डाव्या हातानं, पानावर नाक टेकवून, वेडंवाकडं काहीतरी लिहिलं आणि वही मिटून माझ्याकडे दिली. "उघडू नका." मग एकेक बोट उचलत त्यांनी हात काढला. मॅग्नेट जागच्या जागी राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत असतानाच माझा फोन वाजला. बायको होती. ऑपरेशन झालं, मामी ठीक आहेत, म्हणाली. मामांनी टोपी काढली. डाव्या हातानं काढली. मी स्वतःला समजावलं की उजवा दुखत असणार.

त्यानंतरचे महिने त्या घरात मी कधी नव्हती एवढी शांतता पाहिली. मामी पुन्हा चहा घेऊन खाली येऊ लागल्या, मामा वर जाऊन भांडी घासू लागले. एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा त्यांनी नव्या पोरांची नावं लावली, पण फारसं कोणाला दिलं-घेतलं नाही. "राहू द्या सगळे," म्हणाले. अंगात ताप तर नाही ना, हे मी मामींना बघायला सांगणार होतो.

जुलैच्या शेवटी, सहा महिन्यांना दोन दिवस कमी असताना, दुपारी रेडिओ ऐकता ऐकता मामा गेले. खुर्चीतच. मामी चहा घेऊन उतरल्या तेव्हा मॅच चालू होती.

तेरावं झाल्यावर मामींनी मला बेसमेंटमध्ये बोलावलं. मांडीवर रजिस्टर होतं. "हे डाव्या हाताचं अक्षर मला लागत नाही," त्या म्हणाल्या. "वाच."

मी पान पाहिलं आणि वाचू नये असं वाटलं, पण त्या बघत होत्या. मी वाचलं. ठेवली: सौ., वय बहात्तर, झडप खराब. दिला: नाव नंतर कळवू. त्याखाली निळ्या पेनानं, उजव्या हाताच्या सरळ, सुबक अक्षरात, जाण्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालून, नाव कळवलेलं होतं. मामांचं स्वतःचं.

"आणि मार्क?" मामींनी विचारलं.

"दहापैकी दहा."

मला मामांचा राग आला, फार आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की असं कोणी आपल्यासाठी करावं, नाहीतर आपल्याला कोणासाठी करता यावं. मामी उठल्या, फ्रिजपाशी गेल्या आणि पदरानं तो मॅग्नेट पुसू लागल्या. मी म्हणालो, "काढून ठेवू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विचारायला हवं होतं रे मला. मी नाही म्हटलं असतं."

बेसमेंटमध्ये आता कोणी बसत नाही. चाळीस नावांतली बरीचशी गळून पडली, काही मीच डब्यात ठेवली. "सौ." मात्र अजून दारावर आहे. मामी रोज सकाळी खाली जाऊन बघून येतात.