मॅन्डोलिनची स्टँडबाय तार

रिटायर झालेल्या माणसाने काय शिकावे, याला काही मर्यादा असावी. मी मॅन्डोलिन आणले. जन्म गेला कोराडीच्या वीज केंद्रात. कान बॉयलरच्या घरघरीवर तयार झालेले.

खरे कारण कोणाला सांगितले नव्हते. घशाच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज घोगरा झाला. डॉक्टर म्हणाले, खुशाल बोला, गुणगुणा. पण ती स्वतःच्याच आवाजाला लाजू लागली. लेकीचा फोन आला की मुकाट्याने माझ्या हातात द्यायची. पोळ्या लाटताना आईकडचे एक गाणे गुणगुणायची, तेही थांबले. म्हटले, निदान ती चाल तरी घरात वाजावी.

महिनाभर मोबाइलवर बघून तारा छेडल्या. पत्र्यावर गारा पडल्यासारखे वाजे. शेवटी धरमपेठेत एका बाईंच्या क्लासला गेलो. त्यांनी वाद्य हातात घेतले.

"काका, प्रत्येक जोडीतली एक तार ढिली काहून?"

"ती स्टँडबाय आहे ना."

आमच्याकडे प्रत्येक पंपाशेजारी दुसरा तयार असतो. पहिला बंद पडला की तो चालू. मॅन्डोलिनच्या आठ तारा दोन-दोनच्या जोडीने पाहून मला कारखानदाराचे कौतुकच वाटले होते. जादाच्या तारा उगाच झिजू नयेत म्हणून मी त्या सैल करून ठेवल्या होत्या.

बाईंना हसू आवरायला वेळ लागला. "दोन्ही एकाच सुरात लावायच्या, काका, आन् संगच वाजवायच्या."

"म्हणजे दोष तारांचा होता?"

"अर्धा," त्या म्हणाल्या.

उरलेल्या अर्ध्यासह एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसलो. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीत दर वेळी एकाच जागी घसरत होतो. चौथ्यांदा घसरलो तेव्हा बायकोचे लाटणे थांबले.

"काय करून राहिले जी?" ती पुटपुटली. "तिथं वर जाते ते."

"कुठं वर?"

तिने तेवढा तुकडा गाऊन दाखवला. आवाज खरखरीत, वर जाताना फाटला. तिने तुकडा अर्ध्यावरच सोडला. मी मान वर केली नाही. तारांकडेच बघत राहिलो.

"नाही समजलं. पुन्हा सांग."

समजले होते. तिने पोळी तव्यावर टाकली आणि पुन्हा गायली, या वेळी शेवटपर्यंत.

पुढची ओळ मी मुद्दाम चुकवली. तिने लाटणे उगारले आणि तीही गाऊन दाखवली. त्यापुढच्या ओळींना मुद्दाम काही करावे लागले नाही.