कोथळ्यापर्यंत न गेलेली सुरी

हे प्रकरण विसरायची मी पुष्कळ धडपड केली. जमत नाही, कारण त्यात सगळ्यात मोठी चूक माझीच होती.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीकडच्या ठाण्यात आम्ही दोघे फौजदार होतो. दुसऱ्याने नुकतीच एक घरफोडी उघडकीस आणली होती आणि साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली होती. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. पुढचा गुन्हा मी उघडकीस आणणार, आणि त्याच्याहून लवकर आणणार, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी नऊच्या सुमारास कोळीवाड्यातून खबर आली, एकाला त्याच्या चुलतभावाने सुरी मारली. जखमीने जबाब दिला, "साहेब, त्याने माझा कोथळाच काढला." मी फिर्यादीत तसंच्या तसं उतरवलं. रक्ताने माखलेली बंडी पंचनाम्यात घेतली आणि दुपारच्या आत चुलतभावाला खुनाच्या प्रयत्नाखाली आत टाकलं. यात जन्मठेपही होऊ शकते. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. चुलतभावाच्या होडीला इंजिन बसलं होतं, वाड्यातलं पहिलंच, आणि पौर्णिमेला नारळ वाहून ती पाण्यात उतरायची होती.

चौकशीत तो काही केल्या कबूल होईना. वर मलाच म्हणाला, "घोळ-वाम माशांची पोटं फाडण्यात हयात गेली माझी. मी मारली असती तर त्याची आतडी आत राहिली असती काय?" मला ती मस्ती वाटली. दम देऊन गप्प केलं.

सहाव्या दिवशी जखमेचा दाखला आणायला सरकारी डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत पौर्णिमा होऊन गेली होती. 'आतड्याला इजा' एवढं लिहून मिळालं की झालं, या हिशेबाने गेलो होतो. डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं. "ही कातडी. खाली चरबी. मग स्नायूंचे थर, मग पातळ पडदा, आणि त्याच्या आत आतडी. तुमची सुरी चरबीतच थांबली. कोथळा कसला काढता? शेजारी दोन-तीन बारीक ओरखडे आहेत. स्वतःला कापताना माणसाचा हात असाच कचरतो. अंगात कपडा कोणता होता त्याच्या?"

ठाण्यात येऊन मुद्देमाल उघडला. बंडीला रक्त होतं, पण कुठेही चीर नव्हती. बंडी वर करून सुरी चालवली होती. पंचनामा लिहिताना ती माझ्याच हातात होती, आणि मी बघितलीच नव्हती.

बंडी घेऊन जखमीच्या खाटेशी गेलो. त्याने ती बघितली आणि तोंड फिरवलं. "वाड्यात जो तो भावाच्या इंजिनाचं बोलत होता," तो म्हणाला. "पोटात दुखायचं माझ्या, साहेब. रोज दुखायचं."

त्याच्यावर खोट्या फिर्यादीचा गुन्हा दाखल केला. चुलतभावाला सोडलं. सहा दिवस गजांआडून त्याने ठाण्यातलं आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. टेबलाशी थांबून म्हणाला, "त्याच्या पोटात इंजिन दुखत होतं, समजलं. तुमच्या पोटात तो दुसरा फौजदार ना?"

मी मान खाली घालून डायरीत सुटकेची वेळ लिहीत राहिलो. पुढे नोकरीभर कुणाचीही फिर्याद घेताना मी आधी माझं पोट चाचपून बघायचो. त्याची पौर्णिमा मात्र मला परत देता आली नाही.