परत आलेली ओटी

मिरजेच्या फलाटावर आईनं माझी ओटी भरली आणि वर आणखी एक खण-नारळ हातात कोंबला. "हा तुझा नव्हे हं. झाशीच्या देवीचा. नवरात्रात तिची ओटी भर, म्हणजे ते गाव तुला आपलं म्हणेल." गाडी हलली.

तुम्हा मिरजकरांना वाटतं, मी इथं लगेच रुळले. कसली रुळते! रेल्वे क्वार्टरात माझी ट्रंक दारातच ठेवलेली. कधीही उचलावी नि निघावं. हे म्हणायचे, "अगं, अडखळून पडेन एखाद दिवशी." "पडा," मी म्हणायची.

नवरात्रात हे गार्ड म्हणून गाडीवर गेलेले. मी एकटीच लक्ष्मी गेटजवळच्या देवळात गेले. ओटी भरण्याला हिंदीत काय म्हणतात, देव जाणे! मीच अक्कल पाजळली, "पंडितजी, गोद भरनी है."

म्हातारे पंडितजी हसले. "अरे बिटिया, गोद तो मैया भरती हैं!" आणि आईचा खण-नारळ देवीच्या पायांना लावून थेट माझ्याच पदरात! बायका लागल्या आशीर्वाद द्यायला, लवकर पाळणा हलू दे म्हणून. मी हातवारे करतेय, अहो, मला नको, देवीला! ऐकतं कोण?

घरी येऊन ढसाढसा रडले. देवीनं ओटी परत केली, म्हणजे या गावाला मी नको. हे आल्यावर पोट धरून हसले, त्याचा संताप वेगळाच. शेजारच्या जिज्जी मात्र म्हणाल्या, "काए रो रईं? मैया ने तो तुमें बिटिया मान लओ." म्हणे, देवीनं लेक मानलं! मला काही पटलं नाही.

पुढं ओटीचा अर्थ पंडितजींना नीट समजावला. दर नवरात्रात ते नारळ देवीपुढं ठेवून घ्यायला लागले. मला मात्र चैन नव्हतं. झाशीत मिरज आठवायची, मिरजेत झाशी. मेली इंजिनाची शिटी ऐकली की पाय शिवशिवायचे.

मग आई गेली. दिवसकार्य उरकून मिरजेहून निघाले. घरात सगळे रडत होते, ओटीचं कुणाच्या ध्यानात येणार? रिकाम्या पदरानं गाडीत बसले. तेवढंच फार लागलं हो.

त्या नवरात्रात देवीपुढं नारळ धरला नि तोंडून निघालं, "पंडितजी, गोद भरनी है."

"किसकी, बिटिया?"

मी पदर पसरला.

घरी येऊन ट्रंक दारातून आत ओढली. पलंगाखाली नाही सरकवली अजून. पण आत घेतली.