हायवेवरची पोपटी साडी

हे जाऊन सात महिने झाले, घरीच, थोड्याशा आजारपणाने. भेटायला येणारी माणसं अजून हळू आवाजात बोलतात. मला मात्र मध्येच ती साडी आठवते आणि हसू येतं.

हे ॲम्ब्युलन्स चालवायचे. हायवेवर जखमीला उचलताना यांना भीती असायची ती मागून येणाऱ्या गाड्यांची. रस्त्यात ठेवायचे लाल प्लास्टिकचे शंकू एका ट्रकने सपाट केले, तेव्हा हे घरी येऊन म्हणाले, लांबून डोळ्यांत खुपेल असं काहीतरी दे. मी यांच्या आत्यांनी आहेरात दिलेली साडी काढली. पोपटी, वर राणी रंगाचे काठ. ती नेसून बाहेर पडायचं धाडस मला कधी झालं नव्हतं.

साडीने काम चोख केलं. शंकूंना न जुमानणारे लोक साडी बघायला ब्रेक मारत. इथे पूजा आहे का, असंही कुणी विचारून जाई.

एका दुपारी घाटकोपरजवळ एक मोटारसायकलवाला पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, म्हणजे उचलायला वेळ लागणार. यांनी साडीचं एक टोक ॲम्ब्युलन्सच्या दाराला बांधलं, दुसरं कडेच्या कठड्याला. ट्रकच्या वाऱ्याने कठड्याची गाठ सुटली आणि साडी यांच्याच तोंडावर आली. डोळ्यांपुढे सगळं पोपटी आणि मागून कंटेनरचा हॉर्न.

कंटेनर वीतभर अंतरावरून गेला. तेवढ्यात पुढे एक रिक्षा थांबली. मानखुर्दहून मुलुंडला निघालेल्या आत्या उतरल्या आणि आपण आहेरात दिलेली साडी रस्त्यावर कशी, असं विचारू लागल्या.

"आत्या, मागाहून शिव्या घाल. आधी कठड्यापलीकडे जा नि हे टोक धर. सोडलंस तर गाडी आमच्या अंगावर येईल," हे ओरडले.

आत्यांनी टोक मनगटाला दोन वेढे देऊन धरलं. जखमी आत जाईपर्यंत त्या प्रत्येक गाडीला दरडावत होत्या, "मेल्या, हळू चालव. माझो भाचो बसलो हा खाली."

संध्याकाळी हे धडधाकट घरी आले. तो मुलगा वाचला, म्हणाले. साडी मात्र आत्या घेऊन गेल्या होत्या. तुला नेसायची नसेल तर मी नेसेन, असा निरोपही होता.

"उद्यासाठी दुसरं काही आहे का?" यांनी विचारलं.

मी कपाट उघडलं. आहेर करणाऱ्या बायका यांच्या नात्यात पुष्कळ होत्या.